रंगनाथराव आग्रह करत नाहीत

रंगनाथराव पेशकारांकडे मी पहिल्यांदा जेवायला गेलो, दुसरी भाकरी पुढे आली आणि मी 'नको' म्हणालो. चूक एवढीच.

भूक होती. चांगली सणसणीत होती. पेशकारांकडचं जेवण म्हणून सकाळपासून मी चहाशिवाय पोटात काही जाऊ दिलं नव्हतं. पण भाकरी पुढे आल्याबरोबर कोणी 'वाढा' म्हणतं का? आधी 'नको' म्हणायचं. मग 'नको नको, खरंच नको' म्हणायचं. मग ताटावर हात आडवा धरायचा, तोही असा की बोटांच्या फटीतून भाकरी आत जावी. वाढणाऱ्याने 'अर्धी तरी', 'माझी शपथ', 'असं कसं' म्हणत ती सरकवायची आणि आपण 'अरे अरे, हे काय' म्हणत ती मोडायला घ्यायची. लहानपणापासून मी असाच जेवत आलो होतो आणि माझ्याकडे पाहून कोणी मला उपाशी म्हटलं नसतं.

तर मी 'नको' म्हणालो. रंगनाथराव म्हणाले, "बरं." आणि भाकरी टोपलीत परत ठेवून त्यांनी वर फडकं टाकलं.

मला वाटलं, थट्टा चाललीय. आता फडकं निघेल, मग निघेल. मी फडक्याकडे बघत बसलो. रंगनाथराव माझ्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "हात धुवायला पाणी देऊ?" आणि मी चक्क 'द्या' म्हणालो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. परतूरच्या कचेरीत मी अहलकार होतो, म्हणजे कागद इकडून उचलून तिकडे ठेवणारा, आणि माझ्या बाबतीत बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी ठेवणारा. रंगनाथराव पेशकार, म्हणजे तहसीलदारसाहेबांपुढे मिसली, एकेका प्रकरणाचे कागद, मांडणारे. उंच, वाळलेला देह, शेरवानीची बटणं उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेली. बीडकडून बदलून आल्ते. बायको वारलेली, मूलबाळ नाही, कचेरीमागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि स्वयंपाक हाताने करायचे. यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हतं. विचारलं तर सांगितलंही असतं, पण त्यांना प्रश्न विचारायची भीती वाटायची, कारण ते उत्तर द्यायचे.

त्यांचं एक वाक्य मात्र साऱ्या कचेरीला पाठ होतं. "पोट तुमचं, हुकूम तुमचा. मी फक्त तामील करणार." वरून आलेल्या हुकमाची कचेरीत जशी तामील व्हायची, त्यातला शब्दही इकडचा तिकडे न करता, तशी ते माणसाच्या 'हो'ची आणि 'नको'ची करायचे.

कचेरीला शुक्रवारी सुट्टी. शनिवारी सकाळी निम्मी कचेरी पोट धरून बसलेली असायची. कोणाकडे लग्न झालेलं, कोणाकडे बारसं, कोणाकडे उगीच मेजवानी. चूर्णाची डबी या गादीवरून त्या गादीवर मिसलींपेक्षा पुष्कळच वेगाने फिरायची. रंगनाथराव एकटे ताजेतवाने.

"काय झालं दत्तोपंत?" ते मला विचारायचे.

"काय सांगू, काल आग्रहच तसा झाला."

"खाल्लं कोणी?"

"मी."

"आन् दुखून कोणाला राह्यलंय?"

"मलाच."

"मंग आग्रह करणारा ह्याच्यात कुठं आला?"

मी चूर्णाची डबी पुढे सरकवायचो आणि ते 'नको' म्हणायचे. त्यांचं 'नको' ऐकलं की दार लागल्यासारखं वाटायचं.

एकदा दौऱ्यावर गोदाकाठच्या एका गावी गेल्तो. पाटलांनी पुरणाचा घाट घातलेला. तहसीलदारसाहेबांसाठी पाट, चांदीचं ताट, आम्हा बाकीच्यांसाठी पत्रावळी. रंगनाथरावांना वाटेतच भूक लागली होती, म्हणून बैलगाडीत त्यांनी आपली शिदोरी सोडून भाकरी आणि ठेचा खाऊन घेतला होता. मेजवानीला चाललेला माणूस वाटेत भाकरी खातो हे पाहून गाडीवानसुद्धा वळून वळून बघत होता.

पंगतीत पाटील स्वतः पोळी घेऊन आले. "पेशकारसाहेब, आमच्या हातची एक."

"नको."

पाटील हसले. रीतीप्रमाणे वाकले. "आमच्या घरचं चालत न्हाई का साहेबाला?"

"चालतं की. चांगली दिसून राह्यलीय पोळी. भूक न्हाई."

पाटील पोळी हातात धरून तसेच उभे. एकादशी, सोवळं, वैद्याचं पथ्य, नवस, यांतलं काहीही त्यांना समजलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहरा उतरला होता. "मालक, साहेबाचा आमच्यावर राग हाय का? ती बांधाची मिसल अडून ऱ्हायलीय, ती त्याच्यामुळंच का?"

"राग नाही हो. त्यांना भूक नाही."

"त्ये समजलं," पाटील म्हणाले. "पर कारण काय?"

पाटलांचा अपमान होऊ नये म्हणून रंगनाथरावांच्या वाटणीच्या पोळ्याही मी खाल्ल्या. परतीच्या वाटेवर मी गाडीत आडवा होतो आणि रस्त्यातला एकेक खड्डा मला वेगळा ओळखू येत होता. रंगनाथराव शेजारी बसून खाली वाकून बघायचे. "दत्तोपंत, पाणी घेता?" मी 'नको' म्हणायचो. पाणी हवं होतं. मिळालं नाही.

होटेलात तर ते पाऊल टाकत नसत. स्टेशनासमोर भीमय्याचं होटेल होतं. भीमय्या वरंगलकडचा. बाकडी, चहाची शेगडी, परातीत भजी, आणि मागच्या बाजूला गोणपाटाचा एक पडदा. त्या काळी आमच्यासारख्यांनी होटेलात बसणं बरं दिसत नसे. म्हणून पडदा. पडद्याआड खाल्लं की ते कोणी पाहिलेलं नसतं, अशी गावाची समजूत होती, आणि पडद्याआड निम्मं गाव बसलेलं असायचं. रंगनाथरावांना चालायचं नाही ते पडद्यामुळे नाही. "घरी काय शिजलंय ते मला ठाऊक असतं," ते म्हणायचे, "होटेलात ते भीमय्याला ठाऊक असतं. आन् पोट तर माझं."

आता असा माणूस लोकांना जेवायला बोलवेल, असं कोणाला वाटणार नाही. पण रंगनाथरावांना बोलवायची हौस होती. पहिल्या बोलावण्याच्या वेळी, एका गुरुवारी, कचेरी सुटताना ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "उद्या जेवायला या. वाटलं तर."

मी गोंधळलो. घरी जाऊन मंडळीला विचारलं.

"'वाटलं तर' म्हणाले? म्हणजे येऊ नका," ती म्हणाली. "बोलावणाऱ्यानं हात धरून सांगावं. हे काय बोलावणं झालं?"

जमिनी तपासत फिरणारे गिर्दावर विठ्ठलराव म्हणाले, "म्हणजे या."

कचेरीतले नाजिर कासिमसाहेब हैदराबाद शहरातले, बोलण्याचालण्यात अदब फार. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "मियाँ, मेरे कू भी ऐसाच बोले. मैं भी समजा नै."

पहिल्या वेळी मी उपाशी परतलो ते वर सांगितलंच. विठ्ठलराव आणि कासिमसाहेबांना विचारलं तर तेही दोघे निरनिराळ्या शुक्रवारी जाऊन उपाशी परतले होते. मग एका खेपेला आम्हा तिघांना एकदमच बोलावणं आलं. म्हणून वाटेत आम्ही मसलत केली. कोणीतरी एकाने धीर करून सरळ 'वाढा' म्हणायचं, मग बाकीच्यांना सोपं जाईल. विठ्ठलराव जमिनीच्या तंट्यात दोन्हीकडच्या काठ्यांमध्ये उभे राहणारे गृहस्थ. ते म्हणाले, "मी म्हणतो. त्याच्यात काय एवढं?"

रंगनाथराव चुलीपुढून उठून आले. कपाळावर राख. त्यांनी आम्हा तिघांना ओसरीवर एका ओळीत बसवलं. गावात कोणाकडे कासिमसाहेबांचं पान असं शेजारी मांडलं नसतं, पण रंगनाथरावांचं म्हणणं, "जात ज्याची त्याची, ताट ज्याचं त्याचं." वांग्याचं भरीत, मेथीची भाजी, भाजल्या धान्याच्या येसराची आमटी, ज्वारीच्या पातळ पातळ भाकरी, ताक. तेल बेताचं, तिखट बेताचं, आणि चव अशी की पहिली भाकरी कधी संपली ते कळलंच नाही. ताट रिकामं झालं आणि आम्ही तिघे समोरच्या भिंतीकडे बघू लागलो.

"आणखी?" त्यांनी कासिमसाहेबांना विचारलं.

कासिमसाहेबांचा हात आपोआप छातीवर गेला. "बस बस, माशाल्ला, बहोत हो गया."

"बरं. विठ्ठलराव?"

आम्ही विठ्ठलरावांकडे पाहिलं. विठ्ठलरावांनी तोंड उघडलं. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. "नको," ते म्हणाले. "म्हणजे... नको."

"बरं. दत्तोपंत?"

मला वाटलं, सरळ मागणं होत नाही तर मधला काही मार्ग काढावा. मी म्हणालो, "बघा बुवा."

"काय बघू?"

"काही नाही."

"बरं."

पाहुण्यांनी हात आखडल्यावर यजमान एकटा कसा खाणार? त्यांनी स्वतःचीही अर्धी भाकरी तशीच ठेवली. पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं. "कोणीच घेतलं न्हाई," ते म्हणाले.

"छे छे, पोटभर झालं!" आम्ही तिघे एकदम ओरडलो. मी तर ढेकरही दिला. रिकाम्या पोटातून ढेकर काढणं किती कठीण असतं ते ज्याने काढलाय त्यालाच ठाऊक.

दारात चपला घालताना ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी न्हाई बोलावत. तुम्हाला उगीच तसदी होऊन राह्यलीय." बोलताना ते आमच्याकडे बघत नव्हते, आत चुलीकडे बघत होते. मला वाटलं, थांबावं, सांगून टाकावं. पण काय सांगणार? की तुमच्याकडे जेवून आमचं पोट भरत नाही, कारण आम्ही खोटं बोलतो? शिवाय पोटात असा खड्डा पडला होता की धड विचारही सुचत नव्हता.

घरी जाऊन जेवायला मागायची सोय नव्हती. मंडळीने विचारलं असतं, "पेशकारांकडे काय झालं?" आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं असतं की पेशकार पाहुण्यांना उपाशी ठेवतात. विठ्ठलराव म्हणाले, "मला स्टेशनावर पार्सल बघायचंय." कासिमसाहेब म्हणाले, "मेरे कू एक दोस्त के यहाँ जाना." मी म्हणालो, जरा पाय मोकळे करतो. कापसाच्या जिनिंगच्या मागून वळसा घालून, कोणी बघत नाही अशी खात्री करून मी भीमय्याच्या होटेलात शिरलो आणि पडदा उचलला.

आत विठ्ठलराव बसले होते. पुढ्यात भज्यांची बशी.

"पार्सल आलं का?" मी विचारलं.

"येऊन राह्यलं," ते म्हणाले आणि बशी थोडी माझ्याकडे सरकवली.

मी मिरचीची भजी मागवली. ती येते न येते तोच पडदा पुन्हा हलला आणि कासिमसाहेबांची दाढी आत आली. दाढीने आमच्याकडे पाहिलं. कासिमसाहेब बसले, भीमय्याने न विचारता आणखी एक बशी आणून ठेवली, आणि काही वेळ पडद्याआड फक्त खाण्याचा आवाज होता.

मग विठ्ठलराव म्हणाले, "त्यांना कोणी तरी सांगायला पाह्यजे. इतकं चांगलं रांधतो माणूस आन् आपण इथं बसून..."

"तुम्ही सांगा. तुम्ही वडील आहात."

"तुम्ही सांगा. तुम्ही त्यांच्या शेजारच्या गादीवर बसता."

"कासिमसाब बोलेंगे," मी म्हणालो. "अदब से बोलेंगे."

"अदब से तो ये बात होइच नै सकती मियाँ," कासिमसाहेब म्हणाले.

इतक्यात बाहेरून आवाज आला. "भीमय्या, आहात का?"

रंगनाथरावांचा आवाज. होटेलात! मी नुकतंच एक अख्खं भजं तोंडात कोंबलं होतं. आत मिरची होती आणि ती खरोखरच मिरची होती. चावावं तर आवाज होईल, गिळावं तर जाईना. मी तसाच बसलो आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

"आइए साब, आइए," भीमय्या हडबडून म्हणाला.

"बसत न्हाई. एक विचारायचं होतं. तुमच्याकडं लोक पुन्हा पुन्हा मागून खातात म्हणे. खरं का?"

"हौ साब."

"काय घालता तुम्ही?"

"क्या डालतऊँ साब? बेसन, ओवा, नमक. वोइच जो सब डालते."

रंगनाथराव हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडं भली माणसं येतात जेवायला. एकदा घेतलं की दुसऱ्यांदा कोणी घेत न्हाई. तोंडावर चांगलं म्हणतात. माझ्या हाताला चव न्हाई, असं वाटून राह्यलंय. तुम्ही मला शिकवाल का? सुट्टीच्या दिवशी येत जाईन. तसंही आता शुक्रवारी कोणी येणार न्हाई."

विठ्ठलरावांनी हातातलं भजं बशीत परत ठेवलं. कासिमसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मला काहीच करता येत नव्हतं, कारण माझं तोंड भरलेलं होतं.

भीमय्या म्हणाला, "साब, मेरे कू कायकू पूछते? खानेवालों कू पूछो ना." आणि त्याने पडदा सर्रकन बाजूला ओढला.

आम्ही तिघे, तीन बशा, आणि समोर रंगनाथराव. ते रागावले नाहीत. नुसते बघत राहिले, चुकीच्या मिसलीत दुसऱ्याच गावचा कागद सापडावा तसे.

"भूक होती?" त्यांनी विचारलं.

"होती," विठ्ठलराव जमिनीकडे बघत म्हणाले.

"मंग माझ्याकडं 'नको' का म्हणालात?"

आता मी ते भजं कसंबसं गिळलं आणि बोलायला लागलो. बोलायला नको होतं. मी त्यांना समजावायला गेलो की पहिलं 'नको' हे धरायचंच नसतं. दुसरं 'नको' हे पहिल्याला सोबत म्हणून असतं. ताटावर हात धरला तर ते 'हो' असतं, मात्र दोन्ही हात धरले तर ते बहुतेक 'नको' असतं. माणूस ताटावर ओणवा झाला तर खरं 'नको', पण तेव्हाही बगलेखालून लाडू सरकवतात, आणि तो खावा लागतो.

"मंग 'हो' कसं म्हणतात?" रंगनाथरावांनी मनापासून विचारलं.

"'हो' म्हणत नाहीत."

"कधीच न्हाई?"

"वाढणारा ओळखतो."

"कशावरून?"

मी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की मला ठाऊक नाही. कासिमसाहेब म्हणाले, "तकल्लुफ है साब, तकल्लुफ," आणि पुढे त्यांनाही काही सुचलं नाही.

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण हरलेला माणूस आणखी एक वाक्य बोलतोच. मी म्हणालो, "रंगनाथराव, तुम्हाला हे ठाऊक नाही म्हणजे कमाल आहे. तुम्ही जन्मात कोणाला आग्रह करून वाढलंच नाही की काय?"

"वाढलं की," ते म्हणाले. "मंडळीला."

भीमय्याने शेगडीवरचं आधण उतरवून ठेवलं.

"पोटाचं दुखणं होतं तिचं. वैद्य म्हणाला, खायला घाला, ताकद येईल. मी घातलं. समोर बसून, शपथा घालून. एक घास माझ्यासाठी, एक घास तुझ्या आईसाठी. ती नको म्हणायची. मला वाटायचं, नको म्हणायची रीतच आहे. आत्ता तुम्ही सांगितली ना, तीच. ती खायची. माझं तोंड उतरू नये म्हणून खायची, आन् मी कचेरीत गेलो की मागं जाऊन सगळं उलटून टाकायची. शेजारणीनं मला नंतर सांगितलं." ते भीमय्याच्या परातीकडे बघत होते. "शेवटी शेवटी एकदा तिनं माझा हात धरला. म्हणाली, 'मी नको म्हणते ना, ते नकोच असतं हो.'"

विठ्ठलरावांनी समोरची बशी बाजूला सारली.

"म्हणून मी आता ऐकतो. कोणी नको म्हणालं की माझा हातच पुढं जात न्हाई. तुम्हाला भूक असेल असं मनात आलं न्हाई माझ्या. माफ करा." मग ते भीमय्याकडे वळले. "शिकवायचं राहू द्या भीमय्या. चवीचं न्हाई दिसत हे."

आणि ते बाहेर पडले. शेरवानीची बटणं लावलेली, पाठ ताठ, स्टेशनाच्या रस्त्याने एकटेच घराकडे चालू लागले.

माझ्या डोळ्यांतून अजून पाणी येतच होतं. ते मिरचीचं, असं मी दोघांना सांगितलं आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. विठ्ठलराव म्हणाले, "जा दत्तोपंत, जल्दी जा. काय तरी बोला." काय बोलायचं ते मात्र कोणी सांगेना. मी धावत गेलो, जिनिंगच्या कोपऱ्यावर त्यांना गाठलं आणि धापा टाकत म्हणालो, "रंगनाथराव, मला भूक आहे. घरी काही उरलंय का?"

ते थांबले. माझ्या मिशीला बेसनाचा कण होता, तो त्यांना दिसला असणार. "आहे," ते म्हणाले. "चला."

आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणाकडे तोंडाने मागून जेवायला निघालो होतो आणि नेमकी तेव्हाच मला भूक नव्हती.

त्यांनी चूल फुंकली, आमटी गरम केली, समोर माझं ताट मांडलं आणि शेजारी स्वतःचंही. "भाकरी वाढू?"

"वाढा," मी म्हणालो. भर बाजारात धोतर सुटावं तसं वाटलं तो शब्द उच्चारताना. पण काही झालं नाही. भाकरी ताटात आली.

ते जेवायला लागले. खूप भूक लागलेल्या माणसासारखे जेवत होते. आणि जेवता जेवता बोलू लागले. येसर तिच्या हातचं कसं असायचं, हरभरे किती भाजायचे हे ती रंगावर नाही, वासावर कसं ठरवायची. भाकरी थापताना ती गुणगुणायची. शेवटच्या गोळ्याची तळहाताएवढी चिमुकली भाकरी करायची, आणि कोणासाठी म्हणून विचारलं की म्हणायची, 'असू द्या.' वर्षानुवर्षं शेजारच्या गादीवर बसून मी या माणसाच्या तोंडून इतके शब्द ऐकले नव्हते.

माझा हात थांबला की त्यांचं बोलणंही थांबायचं आणि ते माझ्या ताटाकडे बघायचे. म्हणून मी म्हणायचो, "आमटी वाढा." आमटी आली की गोष्ट पुढे जायची. "भरीत वाढा." भरीत आलं की आणखी पुढे. हे खरं बोलणं होतं की खोटं, ते मला समजत नव्हतं. भूक असताना नको म्हणणं खोटं, तर भूक नसताना वाढा म्हणणं काय? खाली भजी, वर भाकरी, त्याच्यावर आमटी. मी करदोडा सैल केला. भिंतीला टेकलो.

"मी पण थापतो ती शेवटची," ते म्हणाले. "सवय राह्यली." त्यांनी टोपलीवरचं फडकं काढलं. तळाशी ती होती, तळहाताएवढी, कडेला जरा करपलेली. "घेता?"

"वाढा," मी म्हणालो.

तिचा अर्धा तुकडा मी खाल्ला. उरलेला अर्धा हातात धरला आणि बघत बसलो. कपाळावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला. तोंडाजवळ नेलेला हात मी खाली आणला, पुन्हा वर नेला.

"पोट भरलंय ना?" रंगनाथरावांनी विचारलं.

"नाही नाही."

"दत्तोपंत."

"थोडंसं."

त्यांनी माझ्या हातातून तो तुकडा काढून घेतला आणि ताट ओढून बाजूला ठेवलं. चुलीतलं लाकूड मागे सारलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटतं, हसूही येत होतं त्यांना, पण शेरवानी गळ्यापर्यंत लावलेल्या माणसाचं हसू कळणं कठीण.

"पुढच्या शुक्रवारी या," ताट उचलता उचलता ते म्हणाले. "नुस्तं बसायला या. जेवायला तुम्हाला बिलकुल येत न्हाई."